भाऊजींची भट्टी, माझी ऐरण

आमच्या भाऊजींनी आयुष्यात पहिल्यांदा घण उचलला तो वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, आणि तोही भर दुपारी, माझा नुकता कुठे डोळा लागत असताना. खालून असा काही ठणठणाट सुरू झाला की कपाटातले माझे काचेचे पेले थरथरत एकमेकांना चिकटले. मी खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडले, "अहो भाऊजी, घर पाडताय का?"

खालून उत्तर आलं, "नाही, सुरी करतोय."

आता सुरी करतोय म्हटल्यावर कोण बाई झोपेल? मी पायात चपला सरकवल्या आणि खाली गेले. पण ही हकिगत सुरू होते ती त्याच्याही आधी. यातलं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि जे पाहिलं नाही ते ताईकडून काढून घेतलंय.

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. ते दोघं खाली राहतात, मी वर. मध्ये सोळा पायऱ्यांचा जिना. त्यातली अकरावी पायरी बाकीच्यांपेक्षा चार मिलिमीटर उंच आहे, हे भाऊजींनी मोजून मला सांगितलं. मी तीस वर्षं त्या जिन्यावरून चढउतार करत होते, मला कधी जाणवलं नव्हतं. सांगितल्यापासून मात्र रोज अकराव्या पायरीला ठेचकाळते.

माणूस असा कसा झाला, तर नोकरीमुळे. भाऊजी अवजारांच्या कारखान्यात तपासनीस होते. पाने, पकडी, छिन्न्या, काय येईल ते टेबलावर यायचं. वर हा एवढा मोठा दिवा. त्याच्या उजेडात वस्तू धरायची, उलटसुलट करायची, माप लावायचं आणि शिक्का मारायचा. पास नाही तर नापास. छत्तीस वर्षं हेच. कारखान्यात समोरून सगळे त्यांना 'साहेब' म्हणायचे आणि पाठ वळली की 'नापाससाहेब'. निवृत्तीच्या दिवशी लोकांनी त्यांना भेट काय दिली असेल? तोच नापासचा शिक्का! मखमली पेटीत घालून, शाईच्या गादीसकट. भाऊजींना त्यातली खोच कळली नाही. ते म्हणाले, "बघा, किती आठवणीने दिलाय."

घरी बसल्यावर त्या शिक्क्याला काम हवं ना! पहिल्या आठवड्यात त्यांनी पावाचे काप मोजले. दुसऱ्या आठवड्यात दारांच्या फटी. तिसऱ्या आठवड्यात ताईने भोपळ्याच्या फोडी केल्या, तर हे शेजारी उभे राहून म्हणाले, "या दोन फोडींत जवळजवळ निम्म्याचा फरक आहे गं."

ताईने सुरी खाली ठेवली. आमची ताई चिडली की आवाज चढवत नाही, उलट बारीक करते. ती म्हणाली, "छत्तीस वर्षं लोकांनी केलेल्या वस्तू नापास केल्यात. स्वतःच्या हाताने एक तरी वस्तू केलीत का हो कधी?"

मी तिथेच होते. साखर मागायला गेले होते. साखर घ्यायची विसरले आणि भाऊजींच्या तोंडाकडे बघत राहिले. ताईने ठेवलेली सुरी उचलून त्यांनी बराच वेळ तिच्या पात्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "ही करतात कशी?"

छत्तीस वर्षांत हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदाच विचारला असावा.

आमच्या भागात लोहार एकच उरलेला, मिस्त्री. वय पंचाहत्तरच्या पुढे, मिशा पांढऱ्या पण टोकाला धुराने तांबूस झालेल्या, गुडघे गेलेले आणि दंड मात्र अजून दोरखंडासारखे. बाजारामागच्या गल्लीत त्यांची पत्र्याची शाळा होती. शाळा म्हणजे लोहारशाळा, नाही तर तुम्ही फळा आणि बाकं शोधत बसाल. भाऊजी तिकडे निघाले तशी मी म्हटलं, "मी पण येते."

"तुमचं काय काम तिथे?"

"काम काही नाही. म्हणून तर वेळ आहे."

आत पाऊल टाकलं आणि मला काही दिसेचना. एकच खिडकी, तीही गोणपाट लावून बंद केलेली. भट्टीवर छताला एक वायर लोंबत होती, टोकाला रिकामा होल्डर, त्यात दिवाच नाही. भट्टीतला निखारा तेवढा दिसत होता आणि त्याच्या मागे मिस्त्रींच्या मिशा. मध्ये लाकडाच्या ओंडक्यावर ती, ऐरण. मी आजवर ऐरण कधी जवळून पाहिली नव्हती. एका बाजूला शिंग, दुसऱ्या बाजूला चौकोनी शेपूट, आणि वरचा भाग हात लावून लावून असा गुळगुळीत झालेला की मला कुणाच्या तरी गालावरून हात फिरवल्यासारखं वाटलं.

मिस्त्रींनी भाऊजींना ओळखलं. अगदी आवाजावरून.

"नापाससाहेब ना तुम्ही? माझ्या साठ छिन्न्या परत पाठवल्या होत्या."

भाऊजी चाचरले. "आठवतं मला. तुटत होत्या त्या, मिस्त्री."

"तुटत होत्या, खरं आहे," मिस्त्री म्हणाले. "त्यानंतर कारखान्याचं काम बंद झालं माझं. असो. आज काय तपासायला आलात?"

"शिकायला आलोय."

मिस्त्रींनी हातातली सांडशी खाली ठेवली. आधी भाऊजींकडे बघितलं, मग माझ्याकडे, हे खरं बोलतायत का अशा नजरेने. मी मान हलवली. मग ते इतके हसले, इतके हसले की खोकला लागला आणि मलाच माठातलं पाणी द्यावं लागलं.

पण शिकवायला तयार झाले. त्यांच्याकडे चारच महिने होते. गुडघ्यांपायी शाळा बंद करून ते लेकीकडे राहायला जाणार होते. हत्यारं बरीचशी वाटून झाली होती. राहिली होती ऐरण. नाक्यावरच्या हॉटेलवाल्याने ती मागितली होती, दाराशी ठेवून वर फुलांची कुंडी ठेवायला.

"कुंडी!" भाऊजी एवढ्या जोरात म्हणाले की मी दचकले.

"मग तुम्ही घ्या," मिस्त्री म्हणाले. "पण अशी नाही. एक सुरी करून आणा. तुमच्या घरी, तुमच्या भट्टीवर, तुमच्या हाताने. पोलाद किती तापलं ते डोळ्यांनी ओळखायचं, कसलं यंत्रबिंत्र लावायचं नाही. ती सुरी मी तपासणार. पास झाली तर ऐरण तुमची. नापास झाली तर कुंडी."

परत येताना कोपऱ्यावर आल्यावर भाऊजी म्हणाले, "मेहुणीबाई, तिच्यावर हात ठेवून बघितलात? नुसतं लोखंड नाहीये ते." ज्या माणसाने स्वतःच्या लग्नाच्या फोटोत चौकट तिरकी आहे एवढंच पाहिलं, तो हे बोलत होता. म्हटलं, बाई गं, हे प्रकरण गंभीर आहे.

घरामागच्या सायकलच्या शेडमध्ये भाऊजींनी भट्टी मांडली. ताईने दोन अटी घातल्या. धूर वाळत घातलेल्या कपड्यांवर येता कामा नये, म्हणून दार बंद ठेवायचं, आणि संध्याकाळच्या चहाआधी हातपाय धुऊनच घरात यायचं. भाऊजींनी दोन्ही मान्य केल्या आणि शेड सजवायला घेतली. भिंतींना पांढरा रंग दिला. छताला दोन ट्यूबलाइट. भट्टीच्या बरोबर वर एक भलाथोरला दिवा, थेट त्यांच्या कारखान्यातल्या टेबलावर होता तसा. बटण दाबलं की डोळे दिपायचे. मी म्हटलं, "भाऊजी, इथे सुरी करणार आहात की कुणाचं पोट फाडणार आहात?"

"उजेड हवा," ते म्हणाले. "उजेडाशिवाय काम म्हणजे अंदाजपंचे."

ऐरणीच्या जागी तात्पुरता रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा आणला. तो इतका हलका की प्रत्येक घावाला उडी मारायचा, आणि आवाज तर असा की शेजारचे निवृत्त मास्तर कानात कापूस घालून फिरायला लागले. भाऊजींना खरी ऐरण का हवी होती हे मला तेव्हा कळलं. त्या रुळावर पातं सरळ करायला गेलं की ते दुसऱ्याच बाजूला वाकायचं.

तरी ते शिकले. भंगारातून ट्रकच्या चाकावरचा स्प्रिंगचा पाटा आणला, तो कापला, तापवला, ठोकला. हाताला फोड आले, फुटले, त्यांचे घट्टे झाले. पहिलं पातं माशासारखं दिसत होतं, दुसरं चपलेसारखं. तिसरं चक्क सुरीसारखं दिसलं आणि आम्ही दोघी बहिणींनी टाळ्या वाजवल्या.

मग आलं पाणी पाजणं. पोलाद लालभडक तापवायचं आणि एका झटक्यात गार करायचं, म्हणजे ते कडक होतं. या पोलादाला पाणी सोसत नाही, म्हणून तेलात बुडवायचं, पण म्हणायचं मात्र 'पाणी पाजलं' असंच. भाऊजींनी तिसरं पातं बाहेर काढलं, दिव्याखाली धरून निरखलं, मिस्त्रींनी दाखवला होता तस्साच लाल रंग आहे याची खात्री केली आणि तेलात घातलं.

टिंग.

एवढासा आवाज. पात्याला मधोमध तडा.

चौथं, टिंग. पाचवं तडकलं नाही, म्हणून आम्ही खूश झालो, तर ते टेबलावरून फरशीवर पडलं आणि काचेच्या बांगडीसारखे त्याचे तीन तुकडे झाले. भाऊजींनी काय करावं? पेटी उघडली, शिक्का काढला आणि प्रत्येक तुकड्यावर 'नापास' उमटवलं. ताई म्हणाली, "अहो, तुटलंय ते दिसतंय की सगळ्यांना." तर म्हणाले, "पद्धत म्हणजे पद्धत."

बिस्किटाच्या डब्यात तुकडे जमत गेले. दर आठवड्याला डबा घेऊन भाऊजी मिस्त्रींकडे जायचे, मागे मी. मिस्त्री तुकडा हातात घेऊन तुटलेल्या कडेवर बोट फिरवायचे. एकदा त्यांनी आपली एक जुनी मोडकी छिन्नी त्याच्याशेजारी धरली आणि मला म्हणाले, "बघा बाई, तुमची नजर चांगली आहे. फरक काय?"

मी दाराच्या उजेडात नेऊन बघितलं. छिन्नीची मोडलेली कड मऊ, राखेसारखी. भाऊजींच्या पात्याची कड चमचम करणारी, जाड्या साखरेसारखी.

"बरोबर. पोलाद जास्त तापलं की आत अशी साखर होते. मग ते तुटणारच." मग भाऊजींकडे वळून, "जास्त तापवताय तुम्ही."

"नाही हो मिस्त्री! तुम्ही दाखवता तोच लाल. एक छटा इकडे नाही की तिकडे नाही. छत्तीस वर्षं रंग ओळखण्यात गेली माझी."

"बरं बरं. उजेड बरा आहे ना तुमच्याकडे?"

"उत्तम! तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त."

"वा," मिस्त्री म्हणाले आणि मिशीत हसले.

आता ते हसणं माझ्या मनात खुपलं. कारण पुढच्या खेपेलाही तेच. तुकडा बघून झाला की, "उजेड बरा आहे ना?" त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. म्हातारा मायेने विचारत असता तर मला कळलं असतं. हे विचारणं वेगळं होतं. मी ताईला म्हटलं, "त्या माणसाच्या पोटात काहीतरी आहे." ताई म्हणाली, "तुला सगळ्यांच्याच पोटात काहीतरी दिसतं."

इकडे भाऊजी एकेक गोष्ट बदलत चालले. तेल बदललं. कोळसा बदलला. पाटा दुसऱ्या ट्रकचा आणला. दिवा आणखी मोठा लावला! रंग अगदी नीट दिसावा म्हणून. त्या दिवशीचं पातं तर तेलात जायच्या आधीच हिरमुसल्यासारखं दिसत होतं. अकरा सुऱ्या झाल्या, अकराही डब्यात. जेवताना माणूस बोलेना. पावाचे काप जाडबारीक झाले तरी ताईला काही म्हणेना. तेव्हा मात्र ताई घाबरली. रात्री नाही, सकाळी सकाळीच वर येऊन मला म्हणाली, "मी बोलायला नको होतं गं. मोजत होते तेच बरं होतं."

मिस्त्री जायला आठ दिवस उरले. हॉटेलवाल्याने कुंडी आणूनसुद्धा ठेवली, मी स्वतः पाहिली. निळी होती.

त्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं होतं. ताई खाली इस्त्री करत होती. मला वर आंघोळीला गरम पाणी हवं होतं, मी हीटर लावला आणि घरातला फ्यूज उडाला. शेडमधून भाऊजींचा आवाज आला, "अरे! कोणी केलं हे?" कोणी केलं हे मला माहीत होतं. म्हणून मी गुपचूप टॉर्च घेऊन मदतीला धावले. चोराने पोलिसांबरोबर शोधायला निघावं तशी.

शेडचं दार बंद, दिवे बंद, आत अंधार. बारावं पातं भट्टीत होतं. भाऊजी म्हणाले, "लवकर इकडे धरा टॉर्च, रंग दिसायला हवा," आणि सांडशीने पातं बाहेर ओढलं. मी अजून बटण दाबायची होते.

"हे काय!" भाऊजी ओरडले. "पिवळं? हे पिवळं कसं झालं? दिवे जायच्या आधी आत्ताच लाल बघितलं मी!"

खरंच, पातं पिवळं धमक होतं, पिकलेल्या लिंबासारखं. मी टॉर्च लावला. आणि काय सांगू, ते पिवळं झालं चक्क लाल. माझ्या डोळ्यांसमोर. मी टॉर्च बंद केला. पिवळं. लावला. लाल. बंद. पिवळं. मला तर लहान मुलासारखी मजाच वाटायला लागली.

"भाऊजी, हे बघा ना गंमत! टॉर्च लावला की गार दिसतं, बंद केला की तापतं!"

"काय खेळ चाललाय तुमचा?"

"अहो खेळ नाही, बघा तरी!"

त्यांनी बघितलं. "पुन्हा करा," म्हणाले. मी केलं. "पुन्हा." मी पुन्हा केलं. तोवर पातं निवत आलं होतं, अंधारात त्याचा तो मिस्त्रींच्या शाळेतला लाल रंग झाला. मी टॉर्च लावला तर तोच रंग करडा पडला, जवळजवळ विझल्यासारखा.

भाऊजी कोळशाच्या पोत्यावर बसले. सांडशी हातातच.

"म्हणजे उजेडात मला जे लाल दिसत होतं," ते हळूहळू म्हणाले, "ते खरं पिवळं होतं. अकराच्या अकरा. आणि मी दिवे वाढवत होतो."

मी काही बोलले नाही. ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

पातं राखेत घालून त्यांनी आधी पूर्ण निवू दिलं. मग म्हणाले, "फ्यूज बसवू नका." ताई दारातून म्हणाली, "अहो, माझी इस्त्री!" तर म्हणाले, "अर्धा तास थांब गं, सुरकुत्या कुठे जात नाहीत." भट्टीचा पंखा हाताने फिरवून त्यांनी पुन्हा निखारा फुलवला. अंधारात पातं आधी काळं, मग चॉकलेटी, मग गडद लाल, मग मिस्त्रींचा लाल. क्षणभर धरलं आणि तेलात.

आम्ही तिघंही कान देऊन उभे. तेल फुसफुसलं, धूर आला. टिंग नाही. मग आणखी थोडा वेळ ऐकलं. तरी टिंग नाही.

"चला, आता ओव्हन," भाऊजी म्हणाले.

"कुणाचा ओव्हन?" ताईने विचारलं.

कडक झालेलं पातं थोडं शेकलं नाही तर अतिकडक राहतं म्हणे. म्हणून ताईचा केक भाजायचा ओव्हन, फ्यूज बसल्यावर, दोन तास त्या सुरीला द्यावा लागला. पातं वाळल्या गवताच्या काडीसारखं पिवळसर होऊन बाहेर आलं. घरभर तेलाचा वास. ताई नाकाला पदर लावून म्हणाली, "आता याच्यात केक केला तर तो ट्रकसारखा धावेल."

पुढचे चार दिवस भाऊजींनी कानस मारली, धार लावली, तुटक्या खुर्चीच्या पायाची मूठ बसवली. मग सुरी उचलली आणि मुद्दाम, उभ्या उंचीवरून, फरशीवर टाकली. मी डोळे मिटले. ठण्ण. उघडले तर सुरी अख्खी आणि फरशीचा टवका गेलेला. ताईने ती सुरी धुतली, एक कांदा चिरला, मग दुसरा चिरला. दोनच कांदे लागणार होते, तरी तिसरा चिरला.

"बरी आहे," ती म्हणाली. आमची ताई 'बरी आहे' म्हणाली की समजायचं, आता ती सुरी दुसऱ्या कुणाच्या हाती लागणार नाही.

मिस्त्रींकडे गेलो तेव्हा शाळा जवळपास रिकामी झालेली. ओंडक्यावर ऐरण, अजून धुगधुगणारी भट्टी, भिंतीशी एक ट्रंक, एक हातोडा आणि एक व्हाइस, म्हणजे वस्तू आवळून धरायचं ते लोखंडी यंत्र, एवढंच. मिस्त्रींनी सुरी घेतली. आधी नखावर वाजवली. मग टोक व्हाइसमध्ये आवळलं आणि मूठ धरून वाकवलं, आणखी वाकवलं. सोडलं तशी सुरी सरळ. मग ऐरणीशेजारी ओंडक्याच्या कडेवर खिळा आडवा ठेवला, पातं त्यावर टेकवलं आणि हातोड्याचा एक घाव. खिळ्याचे दोन तुकडे दोन दिशांना. धारेवर त्यांनी अंगठा आडवा फिरवला. खाच नाही.

"आता कागद," म्हणाले आणि ट्रंक उघडून एक घडी घातलेला जुना कागद काढला. "पण कापायच्या आधी वाचा. मोठ्याने वाचा, बाईंनाही ऐकू दे."

भाऊजींनी वाचलं. कारखान्याचं पत्र होतं, वीस वर्षांपूर्वीचं. 'आपल्या कामाच्या जागेची पाहणी केली असता तेथे उजेड अपुरा आढळला. भट्टीवर पुरेसा दिवा तातडीने लावावा, अन्यथा माल स्वीकारला जाणार नाही.' खाली सही. भाऊजींची.

"दिवा लावला मी," मिस्त्री म्हणाले. "तुमच्या हुकमाने. साठ छिन्न्या त्या दिव्याखाली केल्या. साठही तुटल्या. मग तुम्ही त्या नापास केल्यात. बरोबरच केलंत, तुटक्याच होत्या."

वर लोंबणारा रिकामा होल्डर आम्ही तिघंही बघत होतो.

"तुम्हाला माहीत होतं," भाऊजी म्हणाले. "चार महिने. मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही तेव्हा मला विचारलं होतं का, 'मिस्त्री, अंधार का ठेवलाय?' आलात, पाहिलंत, लिहून गेलात."

भाऊजींनी खालची आपली सही पुन्हा वाचली. मग म्हणाले, "चूक झाली माझी. साठ छिन्न्या मी केल्या होत्या नापास. पण खरा नापास मी."

"कापा आता तो," मिस्त्री म्हणाले. सुरीने कागद कापला गेला, आवाजसुद्धा न करता. मिस्त्रींनी दोन्ही तुकडे भट्टीत टाकले. "पास. न्या ऐरण."

आणि इथे आमच्या भाऊजींनी काय करावं? हात पुढे केला होता तो मागे घेतला.

"नाही मिस्त्री. अट होती, मी स्वतः करायची. हात माझे होते. पण उजेडाचं गुपित मला नाही सापडलं. फ्यूज उडाला आणि या मेहुणीबाई टॉर्च घेऊन खेळत बसल्या, तेव्हा कळलं. नियमात बसत नाही हे."

मी त्यांच्या दंडाला चिमटा काढला. "अहो, गप्प बसा ना! कुंडी ठेवतील तिच्यावर!"

"नियम म्हणजे नियम."

मिस्त्री माझ्याकडे वळले. "फ्यूज कोणी उडवला?"

आता खोटं कशाला बोला. "मीच. हीटर लावून."

"आणि टॉर्चचं तुम्हाला दिसलं?"

"दिसलं खरं. मजा वाटली मला."

"मग प्रश्न मिटला," मिस्त्री म्हणाले. "ऐरण बाईंची."

हातगाडीवर चार माणसं लावून ती आणली. मिस्त्री चालत येऊ शकत नव्हते, पण दारात खुर्ची टाकून वळणापर्यंत बघत राहिले. निघताना भाऊजींनी त्यांना ती सुरी देऊ केली, तर म्हणाले, "ही तुमच्या घरात लागेल. मला पुढची पाठवा, अंधारात केलेली." लेकीच्या घरचा पत्ता भाऊजींनी लिहून घेतला. पुढची सुरी गेली सुद्धा. मिस्त्रींचं पत्र आलं, एकाच शब्दाचं: 'पास.' भाऊजींनी ते शिक्क्याच्या पेटीत ठेवलंय, आणि शिक्का कुठे ठेवलाय ते आता त्यांनाच आठवत नाही.

शेडमधला मोठा दिवा गेला. खिडकीला माझी जुनी चादर लागली. आणि रोज सकाळी भाऊजी सोळा पायऱ्या चढून वर येतात, दारात उभे राहून विचारतात, "मेहुणीबाई, आज ऐरण वापरू का?" मी म्हणते, "आधी चहा घ्या, मग विचार करते." कधी कधी मुद्दाम खूप वेळ विचार करते.

परवा मीच खाली गेले. म्हटलं, मालकीण आहे, दोन घाव मीही घालून बघते. सळईचा तुकडा तापवला आणि एक आकडा केला. वाकडा झाला. ताई इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. भाऊजींनी आकडा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. सवयीने त्यांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला, जिथे मोजपट्टी असते. मग थांबला.

"हा असा वाकडा का केलात?" त्यांनी मला विचारलं. खरंच विचारलं, उत्तर हवं असल्यासारखं.

मला काय ठाऊक, का झाला ते! पण विचारलंय म्हटल्यावर मी म्हटलं, "पिशवी घसरू नये म्हणून."

त्यांनी तो दाराशेजारी खिळ्यावर अडकवला, त्याला आपली बाजाराची पिशवी लावली आणि दोन पावलं मागे जाऊन बघत उभे राहिले. पिशवी घसरली नाही.